लग्न मोडते तेव्हा वाडी कुणाची?

समजा, आंजर्ल्यात दीड एकराची एक वाडी आहे. खालच्या अंगाला माड आणि पोफळी, वरच्या अंगाला हापूसची चाळीस-पन्नास कलमे, मधोमध कौलारू घर. घराच्या मागे अलीकडे बांधलेल्या चार खोल्या, त्यांत मे महिन्यात आणि नाताळात पुण्या-मुंबईचे पाहुणे पैसे मोजून राहतात. मालक पार्ल्यात राहतो. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना आहे, मुंबईत दोन फ्लॅट आहेत, शेअर आहेत, बँकेच्या लॉकरमध्ये बायकोचे दागिने आहेत आणि त्याच्या आईचेही. लग्नाला बावीस वर्षे झाली. खोल्यांचे बुकिंग, गड्यांची मजुरी, कौले शाकारणे, पाहुण्यांच्या जेवणाचा हिशेब हे सगळे बायको बघते. सातबाऱ्यावर मात्र नवरा, त्याचे भाऊ, बहीण आणि दोन चुलत्यांचे वारस अशी नऊ नावे आहेत. तिचे नाही.

आता हे लग्न मोडते आहे. या वाडीत तिचा वाटा किती?

हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, काहीही नाही. वाडीत नाही, कारखान्यात नाही, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्येही नाही. तिला पोटगी मागता येते, स्वतःचे स्त्रीधन परत घेता येते आणि जे तिच्या नावावर आहे ते तिचे राहते. वकिलाच्या कार्यालयात पहिल्यांदा आलेली माणसे हे ऐकून गडबडतात, कारण अमेरिकेतल्या बातम्यांनी 'अर्धे' हे उत्तर त्यांच्या डोक्यात आधीच बसवलेले असते. नवराही गडबडतो, तो अर्धे जाणार या धास्तीने दोन महिने आधीच मालमत्ता भावाच्या नावावर करायला निघालेला असतो.

१९५५ चा कायदा लग्न कसे लागते आणि कसे मोडते हे तपशिलात सांगतो. संसारात जमलेल्या मालमत्तेबद्दल त्यात कलम २७ एवढेच आहे, आणि तेही लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंपुरते. आहेरातला फ्रीज न्यायालय वाटून देऊ शकते, बावीस वर्षांत उभा राहिलेला कारखाना नाही.

हाच किनारा धरून दक्षिणेला गेले, बांदा मागे टाकून पत्रादेवीचा नाका ओलांडला, की माड तेच, पोफळी त्याच, पण उत्तर पार बदलते. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही १९६२ च्या केंद्रीय कायद्याने तो चालू ठेवला. लग्नाआधी रीतसर वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एकत्र होते: लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा. त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. घटस्फोट झाला तर वाटणी. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही या जोडप्यांसाठी कलम ५अ घालावे लागले; पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत अर्धे-अर्धे दाखवले जाते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वारशाच्या एका प्रकरणात सांगितले, की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता मुंबईत असली तरी तिला गोव्याचाच वारसा कायदा लागेल.

म्हणून पेडण्यातल्या आणि दापोलीतल्या वकिलांची कामे मुळातच वेगळी होतात. पेडण्यात वाटा ठरलेलाच असतो, भांडण यादीवर होते. दापोलीत वाटाच नसतो. नवऱ्याकडे काय आहे आणि त्यातून बायकोला किती देणे रास्त आहे हे न्यायाधीशाला पटवायचे असते. हा फरक मिटवण्याचा एक प्रयत्न झाला होता. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले. लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये ती लोकसभाच संपली.

मग सगळा भार येतो कलम २५ वर, म्हणजे कायमच्या पोटगीवर. ती नवरा किंवा बायको कुणीही मागू शकते, हे विसरले जाते. कारखाना बायकोचा असेल तर अर्ज नवऱ्याचा येतो. न्यायालय दोघांचे उत्पन्न, दोघांची मालमत्ता, वर्तन आणि बाकीची परिस्थिती बघते. गरज वाटली तर ठरलेल्या रकमेचा बोजा समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवू शकते. आकडा मात्र कायद्यात कुठेच नाही. पगारदाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानली आणि तेव्हापासून ती टक्केवारी सगळीकडे उद्धृत होते. पण ज्याचा पगार तो स्वतःच स्वतःला देतो, त्याच्या पगाराचे २५ टक्के काढण्यात काय अर्थ? कारखान्याचा मालक कागदोपत्री महिना ऐंशी हजार घेतो. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, परदेशवारी कंपनीची, आणि पार्ल्याच्या फ्लॅटचे वीजबिलसुद्धा कंपनीच भरते.

दुसऱ्या टोकालाही भिंत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे परदेशात व्यवसाय असलेल्या एका अतिश्रीमंत नवऱ्याचे प्रकरण आले होते. आधीच्या पत्नीला त्याने कितीतरी पट दिले होते, म्हणून आपल्यालाही त्याच मापाने मिळावे, असे दुसऱ्या पत्नीचे म्हणणे होते. न्यायालयाने १२ कोटी रुपये दिले, पण संपत्तीची बरोबरी साधणे हे पोटगीचे काम नव्हे हे स्पष्ट केले. नवऱ्याची भरभराट झाली म्हणून बरोबरी मागायची, तर उद्या तो कंगाल झाल्यावरही बरोबरी मागाल का, असा त्यातला युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो. जी बाई वाडीतल्या खोल्या उभ्या करते तिने भरभराटीत हातभार लावलेला असतो, आणि तो हातभार मोजायला पोटगीच्या कायद्यात माप नाही.

आता वकिलाच्या खऱ्या कामाकडे वळू. सिनेमातला वकील उलटतपासणीत समोरच्याला रडवतो. श्रीमंतांच्या घटस्फोटात निकाल बहुतेक वेळा कागद गोळा करण्याच्या टप्प्यावरच फिरतो. ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल इथे कामाला येतो. नागपूर खंडपीठाच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या प्रकरणात न्यायालयाने देशभरासाठी नियम घातला, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्याचे नमुनेच निकालाला जोडलेले आहेत: एक बिगरशेती माणसांसाठी, एक शेतीवाल्यांसाठी, आणि मेघालयासाठी वेगळा. आपल्या आंजर्ल्याच्या मालकाचे पाय पहिल्या दोन्ही नमुन्यांत आहेत. जाणती वकीलबाई त्याच्याकडून दोन्ही मागते. खोटे लिहिले तर न्यायालयाच्या अवमानापर्यंत आणि खोट्या साक्षीच्या कारवाईपर्यंत प्रकरण जाऊ शकते, म्हणून नवऱ्याच्या वकिलाचेही पहिले काम अशिलाला दटावून सगळे लिहायला लावणे हे असते. जो वकील 'हे नको दाखवू, त्यांना काय कळतंय' म्हणतो, तो अशिलाला खड्ड्यात घालतो.

लपवण्याच्या युक्त्या मोजक्याच असतात आणि वर्षानुवर्षे त्याच असतात. भावाला बक्षीसपत्र. आईकडून घेतलेले, कधीच न फेडलेले कर्ज. अविभक्त कुटुंबाच्या वेगळ्या खात्यात वळवलेले भाडे. कोकणात त्यात आणखी एक सोय आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. त्यामुळे कुणी कारखान्याचा पैसा आंब्याचा म्हणून दाखवतो आणि तोच माणूस पोटगीच्या वेळी 'यंदा तुडतुड्याने मोहोर गेला, वाडीचे काही येत नाही' असे शपथेवर सांगतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. विवरणपत्र एका हातात आणि प्रतिज्ञापत्र दुसऱ्या हातात धरले की वकिलाला फार बोलावे लागत नाही. वाशीच्या बाजारातल्या दलालाच्या पट्ट्या, पेट्यांच्या ट्रकचे भाडे, कलमे ठेक्याने दिली असतील तर ठेक्याची रक्कम, असा माग काढता येतो. खोल्यांचे उत्पन्न तर बायकोच्याच फोनमध्ये असते: बुकिंगचे संदेश, यूपीआयच्या पावत्या, पाहुण्यांची वही. ती वही घर सोडताना मागे राहिली तर वकील कपाळाला हात लावतो. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याच्या नेहमीच्या कायद्यात न बसणारा कागदसुद्धा, वाद सोडवायला उपयोगी वाटला तर, न्यायालय बघू शकते.

मूल्यमापन हे यातले सर्वांत रंगतदार अंग. समुद्रालगतच्या जमिनीचे भाव आकाशाला भिडलेत, असे आंजर्ले-मुरूडकडे कुणीही सांगेल. पण किनारी नियमन क्षेत्राच्या पट्ट्यात काय बांधता येते याला कडक बंधने आहेत. १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी ती तीनदा आखली. भरतीरेषेपासून जमीन किती लांब, नकाशावर ती कोणत्या वर्गात, यावर तिची किंमत कोसळते किंवा चढते. सरकारी दर तक्त्यातला आकडा यापैकी काहीच नीट सांगत नाही. आणि मागच्या त्या चार खोल्या परवानगीशिवाय बांधलेल्या असतील तर? बायकोच्या वकिलाला त्यांचे उत्पन्न दाखवायचे आहे, पण मोठ्याने दाखवले तर पाडकामाची नोटीस येईल आणि उत्पन्नच जाईल. अशा वेळी दोन्ही बाजूंचे वकील अचानक समजूतदार होतात.

नऊ नावांच्या सातबाऱ्याचाही घोळ आहेच. वडिलोपार्जित, सामाईक, न वाटलेल्या मिळकतीत नवऱ्याचा नेमका हिस्सा किती हे ठरवायला आधी वारसनोंदी, मग फेरफार, मग कुळकायद्याच्या जुन्या नोंदी, आणि मागे जायचे तर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत जावे लागते. आपल्याकडच्या मिताक्षर परंपरेत आणखी एक विचित्र गोष्ट आहे: बाप आणि मुलगे यांच्यात वाटप झाले तर बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो, पण तिला स्वतःहून वाटप मागता येत नाही. म्हणजे हक्क आहे, तो उघडायची किल्ली दुसऱ्याकडे. घटस्फोट झाला की ती बायको राहत नाही, आणि हा हिस्साही राहत नाही. उलट बाजूने, तिच्या माहेरी वाडी असेल तर १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि मग २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलगी म्हणून तिला तिथे हिस्सा दिला आहे. तो तिच्या प्रतिज्ञापत्रात यायला हवा. तो न दाखवणारी प्रतिज्ञापत्रे पुष्कळ असतात.

खटला चालतो कुठे? मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात, किंवा जिथे असे न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. वांद्र्याला गेलात तर एक नवल कळते: १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्कच नाही. न्यायालयाची परवानगी लागते. गरज वाटली तर न्यायालय स्वतःच्या मदतीला कायदेतज्ज्ञ बोलावू शकते. कल्पना चांगली होती. वकील आले की भांडण वाढते, नवरा-बायकोने समुपदेशकासमोर बसून बोलावे, न्यायाधीशाने समेट घडवावा. भाडे आणि पोटगी एवढाच प्रश्न असलेल्या जोडप्याला हे मानवतेही. पण तीन कंपन्यांचे ताळेबंद मध्ये असतील तर वकिलाशिवाय उभी असलेली बाई आणि घरी पगारी सनदी लेखापाल असलेला नवरा यांच्यात समता कुठली? त्यामुळे परवानगी मागितली जाते आणि गुंतागुंतीच्या प्रकरणांत ती सहसा मिळते.

मराठी घरातल्या लग्नाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी नामांकित वकील उभे राहण्याची परंपरा मात्र या न्यायालयांहून शंभर वर्षे जुनी आहे. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की अकराव्या वर्षी आपल्याशी लग्न झालेली रखमाबाई नांदायला येत नाही. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले होते. त्यांची मालमत्ता आईकडे, जयंतीबाईंकडे आली, आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करताना ती मुलीच्या नावे केली. वादाच्या मुळाशी ही मालमत्ता होतीच. सासरी जाऊ न देण्यामागे या मालमत्तेचा लोभ आहे, हा दादाजीचा आरोप. दादाजीचाच मालमत्तेवर डोळा आहे, हा दुसऱ्या बाजूचा. रखमाबाईंच्या बाजूने काशिनाथ त्र्यंबक तेलंग उभे होते, जे १८८९ मध्ये त्याच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. इन्व्हेरॅरिटींसारखा नावाजलेला बॅरिस्टरही होता. २१ सप्टेंबर १८८५ ला न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात प्रकरण परत पाठवले गेले आणि ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. 'केसरी'तून टिळक त्यांच्याविरुद्ध लिहीत होते. शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला आणि रखमाबाई वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. तेव्हाच्या ब्रिटिश न्यायालयात हिंदू बाईला मागण्यासारखा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. काही जातींत रूढीने काडीमोड होई, तेवढेच. कायद्याने जे दार ठेवले नव्हते ते पैशाच्या तडजोडीने उघडले. आजही बहुतेक श्रीमंत घटस्फोट तसेच संपतात.

कायदा यायला १९४७ उजाडले. मुंबई प्रांताने त्या वर्षी हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, केंद्राच्या आठ वर्षे आधी. या सगळ्या कायद्याच्या घडणीत दापोली तालुक्याचा वाटा मजेदार आहे. आंजर्ल्याहून हर्णै ओलांडले की येणारे मुरूड हे विश्वनाथ नारायण मंडलिकांचे गाव. त्यांनी १८८० मध्ये 'व्यवहारमयूख' आणि याज्ञवल्क्यस्मृतीचे इंग्रजी भाषांतर टिपांसह छापले, आणि हिंदू कायद्याच्या वादांत वकील त्याचा आधार घेत. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' लिहिणारे पां. वा. काणे यांचे वडील दापोलीत वकिली करत. आणि ज्यांच्या हिंदू कोड बिलात घटस्फोटही होता आणि मुलींचा वारसाही, त्या बाबासाहेब आंबेडकरांची लहानपणीची काही वर्षे दापोली कॅम्पात गेली. मंडलिकांनी जुने जपले, काण्यांनी त्याचा इतिहास लिहिला, आंबेडकरांनी ते बदलायला घेतले. पण नवऱ्याने कमावलेल्या मालमत्तेत हयातीत बायकोचा वाटा असावा, हे १९५५-५६ च्या कायद्यांत आलेच नाही.

वकिलाच्या फीबद्दल थोडे. इथे गैरसमज फार. 'जे मिळेल त्याचे दहा टक्के' असा सौदा भारतात वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे, आणि हुकूमनाम्याच्या रकमेची टक्केवारी मागणे अनैतिक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. जाहिरातही करता येत नाही, म्हणून श्रीमंतांचे वकील तोंडी शिफारशीने, सनदी लेखापालांच्या ओळखीने सापडतात. घराच्या जुन्या वकिलाकडे मात्र जाऊ नये. सासऱ्यांची खरेदीखते ज्यांनी लिहिली, कारखान्याची भागीदारी ज्यांनी केली, ते तुमच्यासाठी उभे राहू शकत नाहीत, आणि राहिले तर समोरचा पहिल्याच तारखेला हरकत घेईल.

कोट्यधीशाची बायको स्वतः कफल्लक असणे ही या प्रकरणांतली नेहमीची गोष्ट. खाते संयुक्त असते, ते एका सकाळी रिकामे होते, क्रेडिट कार्ड बंद पडते. यासाठी कलम २४ आहे: दावा चालू असताना पोटगी आणि दाव्याचा खर्च, दोन्ही. म्हणजे नवऱ्याला स्वतःच्या विरुद्ध लढणाऱ्या वकिलाची फी भरावी लागते, आणि त्याला हे सर्वांत जास्त झोंबते. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट आणि मालमत्तेच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळायला स्त्रीला उत्पन्नाची अटच नाही. हे पार्ल्यातल्या बाईला माहीत नसते, कारण 'मोफत' म्हणजे गरिबांसाठी असे ती समजते.

बहुतेक प्रकरणे परस्परसंमतीवर येऊन थांबतात. ही सोय कायद्यात १९७६ मध्ये आली. वर्षभर वेगळे राहिलेले असावे, अर्ज, मग किमान सहा महिन्यांची वाट. २०१७ पासून ती वाट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते. संमतीने झालेल्या हुकुमावर अपील नाही. म्हणून संमतीच्या अटींचा मसुदा हाच खरा खटला, आणि चांगला वकील ओळखायचा तर त्याचा मसुदा वाचावा.

त्यात काय असते? बायकोने कारखान्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली असेल तर बँकेकडून ती काढून घेण्याची तारीख. घटस्फोटाने जामीनकी सुटत नाही, आणि पाच वर्षांनी जप्तीची नोटीस आल्यावर हे कळणे फार महागात पडते. ती नावापुरती संचालक असेल तर राजीनामा आणि मागच्या करांची जबाबदारी. रक्कम हप्त्यांनी असेल तर चुकल्यावर व्याज आणि फ्लॅटवर बोजा. एकरकमी की मासिक, याचा करावर परिणाम: प्रतापगढच्या राजकुमारी महेश्वरीदेवींच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवले, की एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती, तिच्यावर प्राप्तिकर नाही, महिन्याची मात्र उत्पन्नात धरली जाते.

फ्लॅट द्यायचा तर क्रम महत्त्वाचा. महाराष्ट्रात पती-पत्नींमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते. हुकूम झाल्यावर ती पत्नी राहत नाही. बक्षीसपत्र हुकुमाच्या आधी नोंदवले तर काही लाख वाचतात. वाडी द्यायची तर अडचणी वाढतात. न वाटलेला वडिलोपार्जित हिस्सा बक्षीस देता येत नाही, आधी भावांबरोबर वाटप लागते, आणि आंजर्ल्यातले भाऊबंद घटस्फोटाच्या घाईत वाटपाला तयार होतील याची खात्री कुणी द्यावी? शिवाय कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन घेणारी व्यक्ती शेतकरी आहे का, हा प्रश्न दुय्यम निबंधकापुढे येतोच; नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. म्हणून वाडी सहसा नवऱ्याकडे राहते आणि तिच्या किमतीचा विचार रोख रकमेत केला जातो. बावीस वर्षे तिथे राबलेल्या बाईला हे सहन होत नाही. तिला खोल्या हव्या असतात, धनादेश नको असतो. इथे वकिलाने ऐकून घेण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, आणि काही वकील तेवढेही करत नाहीत.

न्यायालय निवडण्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तसा नाही. लग्न जिथे झाले, समोरचा जिथे राहतो, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले, आणि २००३ पासून बायको जिथे राहते, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. बायको वाडीवर राहायला आली तर दावा रत्नागिरी जिल्ह्यात येऊ शकतो. अपिलाचा रस्ताही बदलतो. वांद्र्याच्या निकालावरचे अपील मुंबईत चालते. रत्नागिरी जिल्ह्यातले उच्च न्यायालयीन काम १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेले आहे. आंजर्ल्याहून कोल्हापूर गाठायला घाट चढावा लागतो, आणि ज्येष्ठ वकिलांच्या हजेरीचा हिशेब नव्याने करावा लागतो.

नवरा न्यू जर्सीत असेल तर हिशेब आणखी वेगळा. तिथे संसारात कमावलेल्या संपत्तीची न्याय्य वाटणी होते. इंग्लंडमध्ये २००० च्या व्हाइट विरुद्ध व्हाइट निकालाने, जो सॉमरसेटच्या एका शेतकरी जोडप्याचा होता, वाटणी बरोबरीच्या कसोटीवर तपासायचा दंडक घातला. त्यानंतर जगभरच्या श्रीमंत बायकांचे वकील लंडनकडे धावू लागले. म्हणून परदेशस्थ मराठी जोडप्यांत शर्यत लागते: बायकोला तिथे दावा लावायचा असतो, नवऱ्याला इथे. पण १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे, की आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, समोरचा त्या न्यायालयाला शरण आलेला नसताना मिळवलेला परदेशी घटस्फोट इथे मानला जाणार नाही. पैशाचा हुकूम असेल तर ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयांचा इथे थेट बजावता येतो. अमेरिकेचा येत नाही. त्याच्या आधारे तीन वर्षांच्या आत भारतात नवा दावा लावावा लागतो. आणि त्या हुकुमात आंजर्ल्याची वाडी बायकोच्या नावे करून दिली असे लिहिले असले, तरी न्यू जर्सीच्या न्यायाधीशाला कोकणातल्या जमिनीची मालकी बदलण्याचा अधिकार नाही. स्थावर मिळकतीचा वाद ती जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयातच चालतो.